तुटक रेघ

हैदराबाद
१८ जून २०२४

प्रिय राधादादा,

ई-मेल पाठवून तीन आठवडे झाले. फोन दोनदा केला. दुसऱ्यांदा तू म्हणालास, "पत्र लिही, वाचतो," आणि ठेवलास. म्हणून लिहिते आहे. पाकिटाला तिकीट चिकटवताना प्रयोगशाळेतल्या मुलींनी माझा फोटो काढला.

काम आहे. आई गेल्यापासून गेली बावीस वर्षं मी कशाच्या मागे आहे, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्या शरीरातली काही प्रथिनं कधीकधी आपली घडी मोडतात, एकमेकांना चिकटतात, त्यांचे बारीक धागे होतात आणि ते धागे अवयवांत गाळासारखे साचत जातात. त्या गाळाला अमायलॉइड म्हणतात. आमचा गट ज्या प्रथिनावर काम करतो त्याचं नाव ट्रान्सथायरेटिन. ते यकृतात तयार होतं आणि रक्तातून फिरतं. त्याचे चार भाग एकत्र चालतात, चौघांनी मिळून बाज उचलावी तसे. काही घराण्यांत जनुकात एक छोटा बदल असतो. मग चौघांतला एखादा हात सोडतो, आणि सुटलेले भलतीकडेच एकमेकांच्या गळ्यात पडतात. गाळ मज्जातंतूंत साचला की पायांची आग आणि बधिरपणा. हृदयात साचला की हृदय ताठर.

आता तुला आठवेल. आई ओल्या गोणपाटावर पाय ठेवून बसायची. डॉक्टर वात म्हणाले, मग रक्तदाब म्हणाले, मग हृदय म्हणाले, मग काहीच म्हणाले नाहीत. कल्याणमामाही तसाच गेला, चोपन्नाव्या वर्षी. तेव्हाच्या हॉस्पिटलने मेणात जपलेला आईच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला एक तुकडा मला गेल्या वर्षी मिळाला. रंगवून खास प्रकाशाखाली धरला तर हिरवा चमकला, कच्च्या कैरीसारखा. जनुकातला बदलही त्यातच सापडला.

ज्याच्यात तो बदल आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण आता एक गोळी आहे. साचलेलं ती काढत नाही, पण चौघांना सुटू देत नाही. लवकर सुरू झाली तर माणूस पुष्कळ वर्षं चालता राहतो, उशीर झाला तर फारसा उपयोग नाही. आईच्या वेळी ती नव्हती.

म्हणून मला आपल्या आजोबांपासूनची वंशावळ हवी. कोणाचे पाय जळले, कोण कशाने गेलं, कोणाला किती मुलं. तुझ्याइतकं हे कोणाला ठाऊक नाही.

चांगुणामामींना नमस्कार.

तुझी,
सत्यशीला

मिरजगाव, ता. कर्जत
२ जुलै २०२४

विदुषी सत्यशीलाबाईंना, त्यांच्या मामेभावाचा वाकून नमस्कार. प्रत्यक्षात वाकलेलो नाही. हल्ली वाकलं की उठताना भिंत लागते.

तुझ्या ई-मेलचा मी अपमान केलेला नाही. मोबाईलचा पडदा माझा अंगठा ओळखत नाही. दहादा दाबावा तेव्हा एकदा प्रसन्न होतो, देवसुद्धा इतकं छळत नाहीत. पत्राचं तसं नसतं, ते कुणाच्याही बोटांनी उघडतं.

इकडचं क्षेम विचारशील तर: शाळेत संस्कृतला यंदा अकरा मुलं. नऊ जण मार्क मिळतात म्हणून, एक जण हिंदीच्या बाईंना घाबरून, आणि एक खरोखरच आवड आहे म्हणतो, त्याच्याकडे मी संशयाने पाहतो आहे. घरात आई आणि मी. तुझी ज्योतीवहिनी जाऊन पाच वर्षं झाली. लेक संस्कृती नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. शनिवारी येते, कधी येत नाही. आईला ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्यात मतभेद नाहीत. संध्याकाळी मी मोठ्याने काहीतरी वाचतो आणि ती मान डोलावते. श्रोता म्हणून याहून जास्त अपेक्षा मी वर्गातही ठेवत नाही.

आता वंशावळ. ती मला पाठ आहे, कारण पितृपक्षात नावं विचारली की सगळे माझ्याकडे बघतात. आजोबा: पाय जळायचे, साठाच्या आत गेले. त्यांना तीन अपत्यं. थोरले बन्सी, माझे वडील. शहाऐंशीव्या वर्षापर्यंत कर्जतच्या बाजाराला पायी जाऊन आले. पायांबद्दल त्यांची एकच तक्रार, की चपला लवकर झिजतात. मधले कल्याणकाका, त्यांचं तुला माहीत आहे. धाकटी तुझी आई. बन्सींना एक मुलगा, अस्मादिक. माझ्याखाली संस्कृती. कल्याणकाकांना एक मुलगा, ओंकारदादा, कर्जतला असतो. सत्तावन्न वर्षांचा, तीन वर्षं झाली पाय जळतात, काठी घेतो. त्याला मूलबाळ नाही. आत्याच्या खाली तू. तुझ्याखाली उंदीर, परीक्षानळ्या आणि फोटो काढणाऱ्या मुली.

अक्षर बिघडलंय हे तुझ्या लक्षात येईलच. पेन नवं आहे, अजून वळण लागलेलं नाही.

तुझा,
राधाकृष्ण

हैदराबाद
२० जुलै २०२४

प्रिय राधादादा,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, आणि किती दिवसांनी हसले.

सोबत आकृती पाठवते आहे. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई. आजार असलेले काळे. गेलेल्यांवर तिरकी रेघ. आजोबा, कल्याणमामा, आई काळे. ओंकारदादा बहुधा काळा, त्याचं रक्त लागेल. पण बन्सीमामाचा चौकोन बघ. शहाऐंशी वर्षांत काही झालं नाही, म्हणजे त्याच्यात तो बदल आलाच नाही असं जवळजवळ धरून चालता येतं. आणि वडलांकडे जे नाही ते मुलाला देणार कुठून? तू आणि संस्कृती सुटलात, दादा. तुमच्या रक्ताची गरजही नाही. तुझा पांढरा चौकोन काढताना मला फार बरं वाटलं. आमच्या कामात असे दिवस थोडे.

फक्त एक. पेनाला दोष देऊ नकोस. तुझ्या 'र'ची शेपटी लहानपणी मी गिरवायचे. हाताला मुंग्या येतात का? साखर तपासून घे.

ओंकारदादाच्या रक्तासाठी नळी आणि डबा पाठवते आहे. कर्जतच्या कुठल्याही लॅबमध्ये काढून देतील.

तुझी,
सत्यशीला

मिरजगाव
११ ऑगस्ट २०२४

सत्यशीले,

ओंकारदादाचं रक्त कुरियरने निघालं. तो म्हणाला, "सत्याला सांग, जपून वापर म्हनावं, आता लई ऱ्हायलं न्हाई." साखर तपासली. साखरेचा माझ्यावर काही आरोप नाही. शाळेने दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर नेला आहे, त्यामुळे पहिली पाच मिनिटं मी मौनाचं महत्त्व शिकवतो.

पांढऱ्या चौकोनात राहायला बरं वाटतं. हवेशीर आहे.

राधाकृष्ण

हैदराबाद
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय राधादादा,

ओंकारदादाचा निकाल आला. त्याच्यात बदल आहे. मी त्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "बरं." औषधासाठी पुण्यातल्या डॉक्टरांशी बोलते आहे, पण त्याचं हृदय बरंच पुढे गेलंय.

दुसरी गोष्ट. आईची ट्रंक उघडली, तीत एक फोटो सापडला. धाकट्या मामी, म्हणजे ओंकारदादाची आई, शेजारी पाच वर्षांचा ओंकारदादा उभा, आणि मांडीवर एक वर्षाचं मूल, पायात वाळे. मागे बाबांच्या अक्षरात लिहिलंय: कल्याणची मुलं, दुष्काळाचं साल, १९७२. मुलं, असं लिहिलंय. कल्याणमामाला दुसरा मुलगा होता का? लहानपणीच वारला असेल तर कितव्या वर्षी, कशाने, तेवढं कळव. वंशावळीत एक माणूस राहिला तर सगळं गणित चुकतं.

आम्ही सिकंदराबादला राहायचो, फक्त मे महिन्यात तिकडे यायचो. मला काहीच माहीत नाही, हे हल्ली फार जाणवतं.

सत्यशीला

हैदराबाद
२० ऑक्टोबर २०२४

राधादादा,

दोन महिने झाले. मी फोटोचं विचारलं म्हणून रागावलास का? तसं असेल तर फोटोचं राहू दे. नुसतं बरा आहेस एवढं लिही.

सत्या

मिरजगाव
९ डिसेंबर २०२४

प्रिय सत्या,

बरा नाही. हे एवढं लिहायला मला तीन महिने लागले. आता पुढचं जरा वेगाने होईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. शाळेमागच्या वाटेने गेलो. बाभळी छाटलेल्या होत्या. तिसऱ्या तासाला पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, रक्त." फरशीवर माझ्या उजव्या पावलाचे ठसे, दारापासून फळ्यापर्यंत. गणिताचे नियाज सर धावत आले.

"पंडितजी, चप्पल काढा."

"निघत नाही."

"निघणार कशी? शिवलीय ती तुमच्या टाचेला!"

काटा दोन बोटं लांब होता. चपलेतून टाचेत. सकाळपासून त्याच्यावर उभा राहून मी विभक्ती शिकवत होतो. नियाज सरांनी पकडीने ओढला, आणि माझ्याकडे बघत राहिले. "दुखलं नाही?" मी म्हणालो, "संस्कृतची माणसं सोशिक असतात." ते हसले नाहीत. ते सहसा हसतात.

रविवारी कर्जतला ओंकारदादाकडे गेलो. तो ओसरीवर पाय ओल्या पोत्यावर ठेवून बसला होता. माझी पट्टी बघून म्हणाला, "सोड ती. दाव." मग आत जाऊन काठी टेकत तांब्या घेऊन आला आणि माझ्या पायावर पाणी ओतलं.

"राधा, पानी गार हाय का गरम?"

"गार."

"गरम हाय. च्याला ठिवलेलं त्यातलं घातलं म्या, गार पान्याचं इसावण घालून." मग स्वतःच्या पायावर ओतलं. "मलाबी गारच वाटतंय. मंग? आता सांग, तुजा चौकोन पांढरा कसा म्हनं?"

मी पाय पुसून पट्टी परत गुंडाळू लागलो.

"मी सा वर्साचा हुतो," तो म्हणाला. "तुला नवं अंगडं घातलं. बैलगाडीत बसिवलं. सगळ्या गावाला साखर वाटली. म्या माज्या वाटची खाल्ली न्हाई. खिशात ठिवली, मुंग्या लागल्या."

तर, सत्या, फोटोतलं मांडीवरचं मूल वारलं नाही. ते तुला पत्र लिहितं आहे. बन्सी आणि चांगुणा यांना मूल नव्हतं, म्हणून कल्याणकाकांनी आपला धाकटा त्यांच्या मांडीवर दिला. शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर, पितृपक्षातल्या नावांत सगळीकडे मी बन्सींचा. तुला वंशावळ लिहिताना मी खोटं लिहिलं असं मला वाटलंसुद्धा नाही. पाठांतराची ही एक अडचण आहे, जे पाठ असतं ते खरं वाटतं. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मात्र कळलं. तरी गप्प बसलो.

का, ते सांगतो. मला हे विसाव्या वर्षी कळलं, कल्याणकाका गेले तेव्हा. स्मशानातून परतल्यावर तुझ्या आईने मला गोठ्यामागे नेलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं. लगेच शपथही घातली: "थोरल्या वहिनीला कळू द्यायचं न्हाई तुला कळलंय म्हणून. तुटंल ती." तेहतीस वर्षं मी न कळल्याचं सोंग केलं. त्या दिवशी ओंकारदादाने केस दिले आणि मी पुतण्यांच्या रांगेत पाणी दिलं.

आमचं शास्त्र स्पष्ट आहे. दिलेला मुलगा जन्मदात्याच्या घराला आणि संपत्तीला मुकतो; त्याचं तिथलं सगळं संपलं. मी हे विद्यार्थ्यांना समजावूनही सांगितलेलं आहे. तुझ्या प्रथिनाने ते वाचलेलं दिसत नाही. कल्याणकाकांची जमीन मला आली नाही, त्यांचं नाव आलं नाही. हे तेवढं गुपचूप घेऊन आलो, वाळ्यांसकट.

आणि आता माझ्यामागे संस्कृती आहे. सव्वीस वर्षांची. तिच्याबद्दल तू लिहिलंस "सुटली", आणि मी तसं तुला लिहू दिलं. हवेशीर आहे म्हणालो. माझ्या विनोदांत हा सगळ्यात वाईट.

म्हणून काल आईला सांगितलं. तुला कल्पना आहे ना, तिला ऐकू येत नाही? पन्नास वर्षं या घरात जी गोष्ट कुजबुजीतही निघाली नाही, ती मला ओरडून सांगावी लागली. "आई, मला ठाऊक आहे मी कल्याणकाकांचा आहे!" पलीकडच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा थांबली असं वाटलं.

आई गहू निवडत होती. म्हणाली, "एवढं वरडतोस कशाला? तुला म्हाईत हाय हे मला म्हाईत हाय. भावजींच्या मातीवरनं आलास तवाच कळलं. दोन दिस माज्या तोंडाकडं बघितलं न्हाईस."

मग गव्हातला एक खडा बाजूला टाकून: "वरीस झालं, भावजींवानी पाय टाकतुयास. म्या रोज तेल चोळती ते काय उगंच व्हय? तेलानं काय हुतंय, मलाबी कळतंय. पन म्हनलं, माज्या तोंडानं कसं इचारू." तिने सूप खाली ठेवलं. "त्या सत्याला सांग. कागदावनं माजं नाव खोडलं तरी चालंल. तू ऱ्हा."

सांगितलं.

राधाकृष्ण

हैदराबाद
१५ डिसेंबर २०२४

दादा,

तुझ्या पहिल्या दोन पत्रांतच सगळं होतं. न ओळखणारा पडदा, पेन, भिंत, दुसरा मजला. कोणा परक्याने लिहिलं असतं तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. मी आकृती बघितली, तुला नाही बघितलं.

पुण्याच्या डॉक्टरांशी बोलले. बावीस तारखेला सकाळी नऊला जायचं. रक्त आणि हृदयाचं स्कॅन. पत्ता मागे लिहिला आहे. संस्कृतीला बरोबर ने, आणि जाताना बसमध्ये तिला सांग. बसमध्ये माणसाला उठून जाता येत नाही.

मामींचं नाव खोडलं जाणार नाही. आमच्यात त्यासाठी पद्धत आहे. नवी आकृती जोडली आहे.

सत्या

मिरजगाव
२ मार्च २०२५

प्रिय सत्या,

निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. मी काळा. हृदयाची भिंत जाड झाली आहे, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. 'वेळेत' हा शब्द त्यांनी जरा थांबून वापरला. गोळी सुरू होऊन पाच आठवडे झाले. रोज सकाळी ती गिळताना मी तुझ्या त्या बाज उचलणाऱ्या चौघांना उद्देशून सांगतो, सोडू नका रे. पाय परत येणार नाहीत, हे कळलं. जे आहे ते राहावं, एवढाच आता माझा वेदान्त.

संस्कृतीला तुझ्या सांगण्याप्रमाणे बसमध्ये सांगितलं. नगर मागे पडलं तेव्हा सुरुवात केली. आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं. कागदावर नाव बदललं तरी गाडी त्याच फलाटाला लागते, हे मला त्या दिवशी बरंच वाटलं. शिरूरपर्यंत ती तिकिटाची घडी घालत, उलगडत होती. मग म्हणाली, "म्हणजे ओंकारकाका माझे सख्खे काका?"

"हो."

"आणि तुम्ही त्यांना एवढी वर्षं भाऊबीजेचा उरलेला लाडू नेऊन देत होता, पाहुण्यासारखे?"

मी म्हणालो, "आजाराचं सांगतोय मी, संस्कृती."

"तेही ऐकलं." बाहेर बघत राहिली. "माझ्या रक्ताचं मला ठरवू द्या, बाबा. लगेच नाही." तेव्हापासून दर शनिवारी येते. रक्ताचं बोलत नाही, मीही काढत नाही. माझ्या चपला मात्र दारात उलट्या करून तपासते.

तुझी नवी आकृती पाहिली. कल्याणकाकांपासून माझ्यापर्यंत सलग रेघ, आई-वडलांपासून तुटक रेघ, आणि मी कंसात. राधाकृष्ण नावाच्या, दुसऱ्या घरी वाढलेल्या माणसाला कंसाच्या ताब्यात देणं ही तुमच्या शास्त्राची थट्टा मला आवडली.

पण आकृती मी शिक्षकाच्या नजरेने तपासतो, आणि एक उत्तर कोरं सापडलं. आत्याच्या काळ्या वर्तुळाखाली एक वर्तुळ आहे, सत्यशीला. ते ना काळं, ना पांढरं. आत पेन्सिलीने इतकं बारीक प्रश्नचिन्ह काढलंय की मला भिंग लागलं. ओंकारदादाचं रक्त मागवलंस, माझं काढवलंस. बावीस वर्षं लोकांचं रक्त त्या यंत्रात घालतेस. तुझं कुठे आहे?

मी खोटं लिहिलं होतं, म्हणून मला विचारायचा हक्क आहे. एका कोऱ्या उत्तराला दुसऱ्याची ओळख पटते.

राधादादा

हैदराबाद
३० मार्च २०२५

दादा,

तुझं पत्र दहा दिवस टेबलावर होतं. अकराव्या दिवशी मी एका मुलीला म्हटलं, माझी नस शोध. तिला वाटलं प्रशिक्षणासाठी.

निकाल रविवारी पाहिला. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं.

माझ्यात तो बदल नाही.

पुन्हा तपासलं. नमुना बदलून तपासलं. नाही. आईकडून निम्म्या शक्यतेतलं दुसरं निम्मं मला मिळालं होतं, एकावन्न वर्षांपूर्वीच.

तुला वाटेल मी आनंदाने लिहिते आहे. मी खुर्चीवर बसून राहिले, आणि खालचा चौकीदार दिवे मालवायला आला तेव्हा उठले. आई गेली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि एक जण होता. तो पाच वर्षं थांबला. मी त्याला कारण सांगितलं नाही, काम आहे म्हटलं. मला पक्कं वाटायचं की माझे पायही एक दिवस ओल्या गोणपाटावर येणार, आणि ते कुणी बघायला नको, कुणाच्या पोटी जायला नको. दर हिवाळ्यात आंघोळीचं पाणी कोपराने तपासायचे. बावीस वर्षं. एक नळी रक्त आणि दोन दिवस, एवढंच लागत होतं. ज्या दिवशी चाचणी माझ्या हातात आली त्या दिवसापासून मी ती इतरांसाठीच ठेवली. भीती गेली तर मी रोज सकाळी कशासाठी उठते, ते कळेना म्हणून असेल.

आता वर्तुळ पांढरं करायचं आहे. खोडरबर घेतलं, पण प्रश्नचिन्हाचा वळ राहिलाच.

सत्या

मिरजगाव
१४ एप्रिल २०२५

प्रिय सत्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. ओंकारदादा गेला. गोळी त्यालाही आली होती, पण तुझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी 'वेळेत' हा शब्द थांबून तरी वापरला, त्याच्या बाबतीत वापरलाच नाही. झोपेतच गेला, पाय पोत्याबाहेर होते.

त्याला मूल नाही, म्हणून पुढे मी झालो. भटजींनी विचारलं, "मयताशी नातं?" पन्नास माणसं उभी होती. मी म्हणालो, "धाकटा भाऊ." भटजी म्हणाले, "चुलत?" मी म्हणालो, "नाही." आगीजवळून जाताना पायाला धग लागली नाही, आणि नियाज सरांनी दंड धरून मला मागे ओढलं.

आता तुझ्याविषयी. मी सांत्वन करत नाही, मला ते मराठीत येत नाही आणि संस्कृतात फार लांबतं. एवढंच दिसतं, की आपण दोघं एकाच आकृतीत चुकीच्या जागी बसलो होतो. तू बावीस वर्षं भलतीच भीती बाळगलीस, मी तेहतीस वर्षं भलताच निर्धास्त होतो. तुझी ती वर्षं कुठल्या गोळीने परत येणार नाहीत, जसे माझे पाय. पण मी ज्या गोळीवर उभा आहे, ती मला तू त्या भीतीतूनच शोधून दिलीस. हे मी आभार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

मे महिन्यात ये. लहानपणी यायचीस तशी. आई तुझ्या केसांना तेल लावील. नको म्हटलंस तरी तिला ऐकू येणार नाही.

काल तिने आकृती मागितली. "त्या कागदात मी कुठं हाय?" तुझी छापील तिला दिसेना, म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर मी ती मोठी काढली. दोन तास लागले. पेन बोटांत राहत नाही, रबरबँडने बांधलं होतं. आजोबा, तिघं भावंडं, आई, ओंकारदादा, मी, तू, संस्कृती. संस्कृतीचं वर्तुळ रिकामं ठेवलं. तुझं पांढरं काढलं, वळ नसलेलं.

आईने कागद मांडीवर घेतला, बोट फिरवत वरून खाली आली. मी ओरडून सांगत होतो, हे बन्सी, हे कल्याण, ही तू. मग माझ्या चौकोनावर थांबली. तिथे दोन रेघा येतात.

"ह्यातली तुटक कंची न् सलग कंची?"

मी चष्मा लावून पाहिलं. बोटांतलं पेन इतक्या वेळा घसरलं होतं की सलग रेघही जागोजागी तुटली होती; मलाही सांगता आलं नाही.

तुझा,
राधादादा